तोरणमाळला न गेलेली परीक्षक

आमच्या कॉलनीतली माणसं तोरणमाळच्या सहलीला गेली, तेव्हा मी जळगावातच होते. मला कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं. सहल कुटुंबांची होती, आणि माझं कुटुंब आदल्या उन्हाळ्यात आई गेली तेव्हाच संपलं होतं. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. पस्तिशी उलटली होती, लग्न झालं नव्हतं, आणि कॉलनीच्या टोकाच्या घरातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. नव्वद सालाच्या आगेमागेची ही गोष्ट.

थंडीचे दिवस होते. भाड्याची एक मेटॅडोर आणि तीन-चार मोटारसायकली अशी ती वरात सकाळीच निघाली. जाण्याआधी शेजारणींनी घरांच्या किल्ल्या माझ्याकडे आणून दिल्या. एकीच्या कुंड्यांना पाणी घालायचं होतं, एकीच्या पोपटाला पेरू द्यायचा होता. मी ते सगळं केलं. दुसऱ्यांच्या बंद घरांत एकटीने फिरताना एक विचित्र संकोच वाटायचा. गादीवर घाईत टाकलेला टॉवेल, ओट्यावर विसरलेला केळ्यांचा फणा, कॅलेंडरवर गॅसच्या तारखेभोवती काढलेलं वर्तुळ. माणसं नसताना त्यांची घरं जास्त बोलतात, असं तेव्हा वाटलं. पोपट मात्र माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मंडळी परतली ती धुळीने माखून आणि आवाज बसलेले घेऊन. येताना गाडीतच त्यांच्यात वाद झाला होता की, सगळ्यात चांगला फोटो कोणाचा येणार. त्यातून स्पर्धेची टूम निघाली. प्रत्येक कॅमेऱ्याचे तीन फोटो, मागे नाव लिहायचं नाही, फक्त आकडा घालायचा, आणि पहिल्याला थर्मास. रंगीत रोल धुवायला तेव्हा बाहेरगावी पाठवावे लागत. ते धुऊन आले तसे सहलीचे पुढारी, बँकेत नोकरीला असलेले भाऊ, माझ्याकडे आले.

परीक्षक दोन नेमले आहेत, त्यांनी सांगितलं. एक कॉलेजातले प्राध्यापक, ज्यांना फोटोग्राफीचा नाद होता, आणि दुसरी मी.

"तुम्ही चित्रकलेच्या बाई," ते म्हणाले, "आणि शिवाय तटस्थ. तुमचं त्यात कोणीच नाही."

त्यांच्या मनात काही नव्हतं. मीही हसून हो म्हटलं. ते गेल्यावर मात्र दाराची कडी लावता लावता तो शब्द पुन्हा कानात वाजला. तटस्थ. नदीच्या पाण्यात उतरलेली माणसं वेगळी आणि काठावर उभी असलेली वेगळी.

स्पर्धेच्या फोटोंबरोबर सगळ्यांचे उरलेले फोटोही त्यांनी माझ्याकडे ठेवले होते. वेगळे काढत बसायला कोणाला वेळ नव्हता. साडीच्या खोक्यात भरलेला तो गठ्ठा मी आठवडाभर सांभाळला. शाळेतून आल्यावर खिडकी लावून घ्यायची, नाहीतर वाऱ्याने सगळे उडत, आणि फोटो चटईवर मांडायचे. चटई पुरेना म्हणून मग फरशीवर. स्टोव्हपाशी जायला भिंतीकडेने एक अरुंद वाट ठेवली होती. त्या वाटेने ये-जा करत मी भाकरी थापायची आणि मधेच वळून बघायची. त्या आठवड्यात माझ्या घरात कधी नव्हती इतकी माणसं होती.

एकच गोष्ट वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी टिपली होती. एका फोटोत नवऱ्यावर चिडलेली बाई दुसऱ्या फोटोत, जवळजवळ त्याच क्षणी, मैत्रिणीकडे बघून हसत होती. तळ्याच्या काठाला बायका साड्या वर खोचून पाण्यात उतरल्या होत्या. सीताखाईच्या कड्यावर पुरुष छाती काढून रांगेत उभे होते, आणि रांगेच्या शेवटच्या माणसाने शेजाऱ्याचा सदरा घट्ट धरला होता. पत्रावळीवर भरीत आणि कळण्याची भाकरी होती, आणि कोणाच्या तरी हातातला अर्धा कांदा. सावल्या बघून, कपड्यांवरची धूळ बघून मी ते सगळे क्रमाने लावले. आधी धुळे, मग नरडाण्याचा फाटा, दोंडाईचाच्या पुढे पंक्चर, शहाद्याच्या अलीकडे जेवण, मग घाट. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण तीन-चार दिवसांत ती सहल मला तोंडपाठ झाली.

स्पर्धेतल्या फोटोंत एका आकड्याचे तीन फोटो मला कुठेच बसवता येईनात. पहिला तळ्याचा, दुसरा देवळाच्या पायऱ्यांचा, तिसरा नरडाण्याच्या फाट्यावरच्या कडुनिंबाचा. तिन्हीत माणूस नव्हता. तळं पाहावं तर ते मागे धूसर, पाण्यात दूध सांडल्यासारखं, आणि अलीकडचं गवत मात्र पातं न् पातं मोजावं इतकं स्वच्छ. त्या गवतावर, डाव्या हाताला, मोकळी जागा. देवळाच्या फोटोतही तेच. पायरीवरची वाळकी पानं स्पष्ट होती, देऊळ पुसट, आणि डावीकडे मोकळं. शाळेत मुलीने असं चित्र काढलं असतं तर मी विचारलं असतं की, बाळ, यात काढायचं काय होतं ते राहूनच गेलं का? तरी भाकरी तव्यावर टाकली की माझी नजर त्याच तीन फोटोंकडे जायची. बाकीचे फोटो गजबजलेले होते. हे तीन माझ्या खोलीसारखे होते.

रविवारी दुपारी भाऊंच्या बैठकीत आम्ही दोघं परीक्षक बसलो. प्राध्यापक भले गृहस्थ होते, पण त्यांचे नियम पक्के होते. त्यांनी ते तीन फोटो उचलले आणि लगेच बाजूला ठेवले. फोकस चुकलेला आहे, विषय नाही, तोल नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, एकदा चुकलं तर चूक, तिन्हीत सारखंच कसं चुकेल? ते म्हणाले, कॅमेरा नादुरुस्त असेल. मी आणखी थोडा वाद घालत राहिले, पण का आवडले याचं मला कारण देता येईना. ते माझ्या खोलीसारखे आहेत, हे काही कारण नव्हे. शेवटी पहिला नंबर आम्ही एकमताने पंक्चरच्या फोटोला दिला. ड्रायव्हर चाकाशी झटतोय, आणि बाकी सगळे बाभळीखाली हरभऱ्याची टहाळं सोलत निवांत बसलेत, जणू सहल इथवरच होती. तो खरोखर चांगला फोटो होता. कॉलनीच्या दुसऱ्या टोकाच्या घरातल्या नव्या सुनेने काढलेला निघाला.

बक्षीस समारंभ त्याच संध्याकाळी भाऊंच्या गच्चीवर झाला. पोहे, चहा, सतरंज्या. निकालाबद्दल चार शब्द बोलायचे म्हणून मी उभी राहिले आणि पंक्चरच्या फोटोतला निवांतपणा मला कसा आवडला ते सांगितलं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं की, निवांत असणारच, नुकतंच जेवण झालं होतं.

"नाही," मी म्हटलं, "जेवण नंतर झालं. फोटोत डबे अजून टपावर बांधलेले आहेत."

क्षणभर सगळे आठवत राहिले. मग एकीने मान डोलावली की, बरोबर, जेवण नंतरच झालं.

"बाई," भाऊ म्हणाले, "आमच्यापेक्षा तुम्हीच जास्त गेलात तोरणमाळला."

सगळे हसले. मीही हसले. मग त्यांच्या सहलीच्या गप्पा सुरू झाल्या. कोणाला घाटात उलटी झाली, कोणाची चप्पल खाईत पडली. आणि मी उभी होते ती हळूच कठड्याकडे सरकले. मला सगळं ठाऊक होतं, फक्त आवाज ठाऊक नव्हते. कोण कसं ओरडलं, कोणी काय गाणं म्हटलं, हे फोटोंत नव्हतं.

कठड्यापाशी आधीच एक वृद्ध गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. पांढरं धोतर, वर तपकिरी स्वेटर, मांडीवर चामडी पिशवीतला जुना कॅमेरा. कॉलनीतल्याच एका कारकुनाचे ते वडील. शिंदखेडा तालुक्यातल्या शाळेत हेडमास्तर होते, निवृत्त झाले होते, आणि दिवाळीत पत्नी गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं होतं. सगळे त्यांना आबा म्हणायचे. मी त्यांना येता-जाता ओट्यावर बसलेलं पाहिलं होतं, बोलले कधीच नव्हते.

त्यांनी मला नमस्कार केला आणि आपला आकडा सांगितला. ते तीन फोटो त्यांचे होते.

तक्रार नाही, ते म्हणाले. चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेला माणूस मी, नापास झालं तर वाईट वाटून घेत नाही. फक्त चूक कळली तर बरं.

मी सांगितलं की, जवळचं गवत स्वच्छ आलंय आणि तळं धूसर. त्यांनी पिशवी उघडून कॅमेरा माझ्या हातात दिला. भिंगाभोवती अंतराचे आकडे कोरलेली कडी होती. ती फिरवून माणूस किती लांब आहे ते ठरवायचं. कडी दहा फुटांवर होती, आणि इतकी वर्षं तिथेच राहून जवळजवळ घट्ट झाली होती.

"ती मी कधी फिरवलीच नाही," आबा म्हणाले. "कुठंही गेलो तरी आमची ही दहा फुटांवर उभी राहायची. डाव्या बाजूला. मागं नाशिकचा घाट असो की नरडाण्याचं स्टेशन, मी मागचं बघतच नव्हतो."

समोर तळं असावं तसे ते कठड्यापलीकडे बघत होते. मग शाळेतली भाषा सुटली आणि हळूच अहिराणीत म्हणाले, "तठे ती शेच, आसं वाटस माले." तिथे ती आहेच, असं.

मी त्यांना सांगितलं की, आठवडाभर मी सगळ्यांत जास्त वेळ त्यांचेच फोटो पाहिले. का, ते सांगता आलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. बायको गेलेला माणूस आणि आई गेलेली बाई, यांना एकमेकांना फार समजावून सांगावं लागत नसावं. त्यांनी विचारलं ते वेगळंच, की सहलीला मी का नव्हते. मी म्हटलं, ती कुटुंबांची होती. ते म्हणाले, कुटुंब तर माझंही नव्हतं बरोबर. मुलगा होता, सून होती, पण मेटॅडोरमध्ये शेजारची जागा पिशवी ठेवायलाच होती.

कॅमेऱ्यात त्यांनी नवा रोल घातलेला होता. उजेड उतरत चालला होता. आबा उठले आणि मला म्हणाले की, जरा उभ्या राहा. मी नको नको म्हणत कठड्याशी गेले आणि, आता लाज वाटते सांगताना, आठवडाभर ते फोटो पाहून जडलेल्या सवयीने डाव्या बाजूला उभी राहिले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला.

"बाई, थोडं उजवीकडे," ते म्हणाले.

मी सरकले. आणखी थोडं, त्यांनी हाताने खूण केली. मी तिथे थांबले, आणि त्यांनी फोटो काढला.

तो फोटो पुढच्या महिन्यात त्यांच्या सुनेने आणून दिला. आबा तोवर गावी परतले होते. शहरात करमत नाही म्हणाले, असं ती सांगत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, थोडा सुटकेचा भाव होता. फोटोत मी उजव्या कडेला आहे, चेहऱ्यावर उगाच गंभीर भाव, पण स्वच्छ. साडीचा काठसुद्धा दिसतो. मागची कॉलनी धूसर, गच्चीवरची माणसं नुसते रंगांचे ठिपके. डावीकडे मोकळं. त्या वर्षांतला माझा एवढा एकच फोटो आहे. मला तेव्हा कोण कशाला फोटोत घेणार.

पुढच्या थंडीत पुन्हा सहल निघाली, चाळीसगावकडे पाटणादेवीला, आणि या वेळी भाऊंच्या पत्नी स्वतः येऊन मला घेऊन गेल्या. मी गेले. बायकांमध्ये बसले, गाणी म्हटली, माझ्या वाटणीच्या पुऱ्या केल्या. कोणीतरी मला ओढून रांगेत उभं केलं आणि माझे पुष्कळ फोटो निघाले. स्पर्धा त्या वर्षी झाली नाही. सगळेच आत होते, परीक्षक व्हायला बाहेरचं कोणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी परत आले, कुलूप काढलं, दिवा लावला. पायांवर धूळ होती, घसा बसला होता. चहाला पाणी ठेवलं आणि सांगावंसं वाटलं की, जंगलात मोर दिसला, धबधबा आटलेला होता, देवळापाशी माकडाने एकीच्या हातातला नारळ पळवला. आई असती तर तिने आधी विचारलं असतं, जेवलीस का नीट? मग मी दोन पोस्टकार्डं काढली, एकावर मावेना म्हणून, आणि आबांना सगळं लिहिलं. उत्तर आलं हेडमास्तरी वळणदार अक्षरात. माकडाची गंमत वाटली, गावात शेतीची कामं चालू आहेत, तब्येत ठीक. खाली एक ओळ होती, पुढच्या सहलीचंही असंच लिहीत जा.

दोन वर्षं मी लिहीत होते. मग एका पत्राचं उत्तर आलं नाही, आणि त्यांच्या मुलाच्या घराला चार दिवस कुलूप दिसलं. कुलूप का आहे ते मी कोणाला विचारलं नाही.