शून्य मागणीचा कागद

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत कार्डताईंचं खरं नाव ठाऊक असणारं एक हजेरीपत्रक तेवढं होतं. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत बाकी सगळ्यांच्या त्या कार्डताई. सुट्या भागांच्या भांडारात त्यांच्या पाठीमागे अठ्ठेचाळीस खणांचं लाकडी कपाट, आणि एकेका भागाचं एकेक जाड पिवळट कार्ड. किती आले, किती गेले, किती उरले. खण ओढला की यंत्राचं तेल आणि जुना पुठ्ठा यांचा मिळून एक वास येई. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी तो वास आठवला की ताईंना आजही घरात करमत नाही. सून म्हणते, “झालं, आई पुन्हा भांडारात गेल्या.”

कपाटापेक्षाही त्यांचा जीव एका वहीवर होता. तिला सगळे ‘नाही-वही’ म्हणत. खिडकीवर कुणी भाग मागायला आलं आणि तो नसला, तर ताई नुसती मान हलवून मोकळ्या होत नसत. कोण आलं, काय मागितलं, कशासाठी मागितलं, सगळं वहीत उतरे. दर शनिवारी नियोजनाचे साहेब खुर्ची ओढून बसत, ताई वाचून दाखवत, आणि पुढच्या तीन महिन्यांत काय किती बनवायचं ते तिथल्या तिथे ठरे. शेजारच्या दुरुस्ती विभागातले मिस्त्री दारातून डोकावून म्हणत, आमच्या पंख्यांचं तेवढं विसरू नका. पंखा म्हणजे पंपाच्या पोटात फिरून पाणी ढकलणारी चकती. जुन्या पंपांत ती हमखास झिजे. गिऱ्हाइकाने खिडकीवर पंखा घ्यायचा, शेजारी जायचं, आणि मिस्त्री आणि त्यांची सहा माणसं तो बसवून पंप चालता करून देत. काय दिवस होते ते!

मग संगणक आला. भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण एक्कावन्न वर्षांच्या ताई हट्टाला पेटल्या. दोन महिन्यांत त्यांचा हात असा बसला, की तरुण कारकून अडलं की त्यांच्याकडे येऊ लागले. संगणकाची सिस्टीम बसवणाऱ्या मॅडमची एकच अट होती, नोंद एकाच ठिकाणी हवी. कपाट गेलं, वही बंद झाली. आता साठ्यात नसलेला भाग कुणी मागितला की पडदा बजावायचा, ‘साठा नाही, नोंद होणार नाही.’ ताई म्हणत, “नाही हो,” गिऱ्हाईक आल्या पावली परत जाई, आणि त्याचा कुठे मागमूस राहत नसे. महिनाअखेरीच्या तक्त्यात ताईंच्या न पुरवलेल्या मागण्या शून्य. त्या शून्याबद्दल वार्षिक मेळाव्यात त्यांना प्रशस्तिपत्रक मिळालं, ते त्यांनी चौकट करून बाहेरच्या खोलीत टांगलं. माणसाला कशाचा अभिमान वाटेल, काही सांगता येत नाही.

दोन वर्षांनी पाच वर्षांच्या आराखड्याचा एक कागद त्यांच्या टेबलावर आकडे तपासल्याच्या सहीसाठी आला. जुन्या पंपांच्या सुट्या भागांना मागणी शून्य, सबब दुरुस्ती विभाग वर्षअखेर बंद करावा, असं त्यात लिहिलं होतं. ताईंनी पेन उघडलं आणि हात थांबला. त्याच सकाळी रोपवाटिकेची बाई पंखा मागून रिकाम्या हाताने गेली होती. आदल्या दिवशी शाळेचा शिपाई. पंखे एकदा संपले, मग मागणी दिसेना म्हणून बनवले नाहीत, बनवले नाहीत म्हणून देता येईनात, आणि देता येईनात म्हणून मागणी दिसेना. सात माणसांची रोजीरोटी जाणार होती ती ताईंच्या शून्यामुळे.

घरी यजमान म्हणाले, झाकली मूठ राहू दे, पाच वर्षं तर उरलीत. माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. ताईंना रात्रभर वाटत राहिलं की ते म्हणतायत तेच बरं. तरी सकाळी त्या सही न केलेला कागद घेऊन बैठकीत गेल्या आणि काय घडलंय ते उभ्याने सांगितलं.

मोठे साहेब म्हणाले, “मग दोन वर्षं तुम्ही गप्प का बसलात?”

“कुणी विचारलं नाही, हे एक. आणि खरं सांगायचं तर साहेब, माझं शून्य मलाच आवडायला लागलं होतं.”

तेव्हा सिस्टीमच्या मॅडम म्हणाल्या की चूक एकट्या ताईंची नाही. नसलेली वस्तूही कुणी मागेल, याला त्यांनी पडद्यावर जागाच ठेवली नव्हती. साहेबांनी आठवड्याची मुदत दिली. नावं आणा, मग बघू.

वही तर दोन वर्षांपूर्वीच थांबलेली. ताईंनी आठवणीतून माणसं काढली. छत्रीवाला म्हातारा, दोन जुळ्या बहिणींचं धोबीकाम, चहाच्या टपरीमागचा बांधकाम मुकादम. मॅडम शेजारी बसून जुन्या बिलांवरून नंबर काढत, फोन लावत आणि टिपून घेत. आठवड्यात नुसती आठवलेलीच एकशे बारा गिऱ्हाइकं निघाली. त्यातल्या एकशे चार जणांचा पंप अजून बंदच होता. पडद्यावर नवा रकाना आला, ‘मागितलं, मिळालं नाही’. मॅडमना भारदस्त नाव हवं होतं, पण इथे ताईंनी कुणाचं ऐकलं नाही. आराखडा नव्याने झाला, पंखे पुन्हा साच्यांतून निघू लागले आणि विभाग वाचला.

मिस्त्रींना सांगायचं राहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ताई त्यांच्या बाकाशी गेल्या आणि सगळं कबूल केलं. ते चिडतील, चार शब्द सुनावतील, अशी त्यांची तयारी होती.

“म्हणजे लोक येत होते?” मिस्त्रींनी विचारलं.

“येत होते. खिडकीवरूनच परत जात होते.”

“मला वाटलं, माझा हात बिघडला. केलेलं काम टिकत नसेल, म्हणून लोकांनी पाठ फिरवली. घरी कुणाला बोललो नाही, ताई. दोन वर्षं एकेक पंप तीनतीनदा उघडून बघत होतो, कुठे चुकतंय म्हणून.”

ताईंना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. माफ करा म्हणाल्या. मिस्त्रींचं त्याकडे लक्षच नव्हतं.

“रोज येत होते?”

“रोज.”

मिस्त्री स्टुलावर बसले. “कोण कोण आलं होतं, सांगा बघू.” ताई दुसरं स्टूल ओढून बसल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली, माणसं कामाला लागली, तरी मिस्त्री एकेका नावावर मान डोलावत विचारतच होते, “आणि मग? आणखी कोण?”