चौथ्या मजल्यापर्यंत

मला व्यायामाची आवड कधीच नव्हती, आजही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून कुणी स्फूर्ती वगैरे घ्यायला जाऊ नये. पन्नाशीला टेकलेली, वजनकाटा दिसला की नजर चुकवणारी, दिवसभर शाळेच्या ऑफिसात खुर्चीला चिकटून बसणारी बाई पहाटे उठून बूट चढवते, ती हौसेने नव्हे. मला फक्त आईकडे जायचं होतं. आई राहते चौथ्या मजल्यावर आणि तिच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.

मी मीरा रोडला, पूनम सागरमध्ये. आई भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रिक्षा मिळाली की तसं जवळच. वडील रिटायर झाले, मुंबईतलं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी हे घर घेतलं. चौथा मजला म्हणून ते कोण खूश! वारा येतो, उजेड येतो, गॅलरीत उभं राहिलं की पार मिठागरांपर्यंत नजर जाते. जिन्याचा विचार तेव्हा कुणी केला नाही, कारण तेव्हा सगळ्यांचेच गुडघे धड होते. वडील गेले आणि आई एकटी उरली. मीही एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी नोकरीसाठी बंगळूरला. माझ्याकडे ये म्हटलं की आई म्हणते, "माझं घर असताना मी तुझ्याकडे कशाला येऊ?" तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

गेल्या बुद्धपौर्णिमेला मी खीर खायला म्हणून तिच्याकडे निघाले. दुसऱ्या मजल्यावर पायांनी असहकार पुकारला. छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मी तिथेच पायरीवर बसले. मग दारं उघडली. कुणी पाणी आणलं, कुणी पेपरने वारा घालायला लागलं, कुणी आतून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं आणि मी त्यावर बसताच त्याचे पाय फाकले. एक बाई हळहळून म्हणाली, "शरीर भारी है ना, बेचारी का." तिने वाईट मनाने म्हटलं नव्हतं, तरी ते "बेचारी" आजही माझ्या कानात आहे.

गलका ऐकून आई भिंतीला धरत धरत खाली आली. हातात खिरीची वाटी. जिन्यातच, सगळ्यांसमोर, तिने मला लहान पोरीसारखी खीर भरवली आणि वर शपथ घातली. "आजपासून हा जिना चढायचा नाही. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. कळलं?"

तेव्हापासून आमचं भेटणं दोरीवर आलं.

बिनलिफ्टच्या बिल्डिंगींमध्ये ही सोय सगळ्यांकडे असते. गॅलरीच्या ग्रिलला नायलॉनची दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडी पिशवी. भाजीवाल्याकडून पावशेर मिरच्या घ्यायला कोण चार मजले उतरणार? आईने ती पिशवी आता माझ्यासाठी खाली सोडायला सुरुवात केली. दर रविवारी मी खाली उभी राहून फोन लावायची. वर ग्रिलमागे आईचा चेहरा दिसायचा. पिशवी गोल गोल फिरत, दुसऱ्या मजल्याच्या कुंड्यांना अडकत खाली यायची. तिच्यात माझ्यासाठी स्टीलचा डबा असायचा, तो काढून मी आईची औषधं, फळं, बिस्किटं भरायची. मग फोन कानाला लावून, मान वर करून आम्ही गप्पा मारायचो. मान दुखायला लागली की रविवार संपला.

मन रमवायला तेवढं पुरेसं होतं, असं मी स्वतःला बजावत असे. पण पावसाळ्याच्या शेवटी शेवटी एका रविवारी आई फोनवर म्हणाली, "भांग किती पांढरा झाला गं तुझा. मला आता तुझं तेवढंच दिसतंय." मी वर पाहिलं. मलाही तिची हनुवटी, चष्मा आणि ग्रिलचे गज, एवढंच दिसत होतं. आई ऐंशीच्या पुढे गेलेली. अजून किती रविवार आम्ही एकमेकींना असं तुकड्यांत बघणार? रिक्षात बसल्यावर मला रडू आलं आणि रडताना स्वतःचा रागही आला. कारण मधे समुद्र नव्हता की सरहद्द नव्हती. मधे जिना होता आणि माझं शरीर होतं.

डॉक्टर म्हणाले, आधी सपाटीवर चाला, जिन्याचं नंतर बघू. ते न ऐकता मी शहाणपणा करून जिममध्ये गेले. तिथल्या ट्रेनरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, "मॅडम, टार्गेट क्या है?"

"चौथा माला," मी म्हटलं.

"नहीं, मतलब किलो में बोलिए."

किलोत सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. त्याने मला सायकलवर बसवलं, समोर भलामोठा आरसा. स्वतःला इतकं सलग मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना मांड्या अशा ओरडल्या की मी जिमच्या नावाने कानाला खडा लावला.

मग राहिली आमच्या जवळची बाग. तिथे झाडांभोवती चालायला पट्टा केला आहे. पहाटे तिथे अर्धं मीरा रोड गोल गोल फिरत असतं. पांढऱ्या बुटांतले गुजराती काका, बुरख्याखाली स्पोर्ट्‌स शूज घातलेल्या बायका, कोपऱ्यात हात वर करून हसणारे रिटायर्ड लोक. त्या हसण्याइतकं दमवणारं मी दुसरं काही ऐकलेलं नाही. मी एक फेरी मारायची आणि बाकावर बसायची. मांड्या घासून लाल व्हायच्या, टाचांत सुया टोचायच्या, घामाने कुर्ता पाठीला चिकटायचा. आणि सल्ले! लिंबूपाणी घ्या. मेथी भिजवा. भात सोडा. रात्रीचं जेवणच सोडा. एका काकांनी तर मला थांबवून माझी पावलं चुकीची पडतात, असं सांगितलं. पन्नास वर्षं मी चुकीची चालत होते आणि मला कुणी बोललं नव्हतं.

लोक म्हणतात, थोड्या दिवसांनी व्यायामाची गोडी लागते. मला लागली नाही. रोज अलार्म वाजला की रोज तेवढंच जिवावर यायचं. फेऱ्या वाढल्या, पण कंटाळा तसूभरही कमी झाला नाही. मधे ताप येऊन आठवडाभर पडले, तर सगळं मुसळ केरात. पुन्हा एक फेरी, पुन्हा बाक. त्या दिवशी बाकावर बसून मी ठरवलं की पुरे झालं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट घातले. जिद्द बिद्द काही नाही. रविवार जवळ आला होता आणि मला ती पिशवी फिरत फिरत खाली येताना बघवत नव्हती.

जिन्याची तालीम मी माझ्याच बिल्डिंगमध्ये केली. आमच्याकडे लिफ्ट आहे. मी घराच्या एक मजला आधी उतरायची आणि उरलेलं चढायची. ते जमलं की दोन मजले आधी. शेजाऱ्यांना वाटलं, मी मजला विसरायला लागले. एका शेजारणीने तर काळजीने विचारलं, "दीदी, सब ठीक ना? नाइन्थ पे जाना है आपको." मी हो हो म्हणत कठडा धरून उभी. धाप लागलेली असताना खुलासे करता येत नाहीत.

आईला मी एवढंच सांगितलं होतं की सकाळी चालायला जाते. जिन्याचं बोलले नाही, शपथेचा विषय निघाला असता. तर तिने लगेच डब्यातला मेनू बदलला. आम्ही मूळचे कोकणातले. आईच्या डब्यात सुकट, बोंबील, वाटपाची झणझणीत आमटी, हे ठरलेलं. ते सगळं एकाएकी बंद झालं. भाज्या यायला लागल्या, पातळ आमटी यायला लागली. "आता व्यायाम करतेस ना, मग हलकं खा," आई म्हणाली. त्या आमटीत गूळ असायचा. आमच्या घरात आमटीत गूळ? मी विचारलं तर म्हणाली, "दमतेस, म्हणून घातला वाईच." मला वाटलं, म्हातारपणी जिभेची चव बदलते, तसं असेल. आवडली नाही तरी मी ती आमटी शेवटच्या थेंबापर्यंत खायची. आईच्या हातची होती.

आणखी एका गोष्टीचं मला फार समाधान वाटायचं. आई पिशवी वर ओढायची ती कशी झपाझप! खालून बघताना वाटायचं, चला, हातात अजून जोर आहे, काळजी नको.

मग एका थंडीतल्या रविवारी मी फोन न लावता सरळ जिन्यात शिरले.

पहिल्या मजल्यापर्यंत काही त्रास झाला नाही. दुसऱ्या मजल्यावर तीच पायरी आली, तेच दार. दार उघडून बेचारी म्हणणारी तीच बाई बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा पडला. "स्टूल लाऊं?" मी मान हलवली, भिंतीला टेकले, श्वास खाली बसू दिला. ती बाई दारात उभी राहिली, मी पुढची पायरी चढेपर्यंत. तिसऱ्या मजल्यावर मी देवाला, नशिबाला, बिल्डरला, सगळ्यांना शिव्या दिल्या. गुडघे करकरत होते. खाली जावं, फोन लावावा, पिशवी मागवावी, असं अगदी मनापासून वाटलं. पण एवढे चढलेले मजले उतरायचे, हे आणखीच जिवावर आलं. म्हणून वर गेले.

आईचं दार उघडं होतं. आई गॅलरीत खुर्चीवर बसलेली, माझ्याकडे पाठ. मांडीवर दोरीचं वेटोळं. ती खाली रस्त्याकडे बघत होती. पावलांचा आवाज ऐकून मागे न वळताच म्हणाली, "बेन, अभी तक आयी नहीं वो. धूप में चलती होगी पागल."

मला बोलायला श्वास नव्हता. दाराच्या चौकटीला धरून कसंबसं म्हटलं, "आई."

ती वळली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तिने उठायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. तिला उठता आलं नाही.

तेवढ्यात समोरच्या दारातून गुजराती शेजारीण आली. तिच्या हातात आमचा स्टीलचा डबा होता, गरम असावा, फडक्यात धरलेला. मला बघून ती जागच्या जागी थांबली. "अरे, ये तो ऊपर आ गई!"

मग एकेक करून सगळं कळलं. दसऱ्याच्या सुमारास आई मोरीत पडली होती. कंबर गेली. हाड मोडलं नाही, पण ओट्यापाशी उभं राहणं संपलं. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचं आणि खुर्चीपर्यंत यायचं, एवढंच तिचं जग उरलं होतं. जेवण शेजारीण करत होती. डबा तीच भरत होती. आणि आईच्या मागे उभी राहून दोरीही तीच झपाझप ओढत होती. खालून मला फक्त आईचा चेहरा दिसायचा.

"मला का नाही सांगितलंस?" मी खाली फरशीवरच बसले होते, उभं राहायची ताकद नव्हती.

"सांगितलं असतं तर धावत आली असतीस तू," आई म्हणाली. "आणि जिन्यातच काय झालं असतं म्हणजे? मी उतरू शकत नव्हते. कुणी भरवलं असतं तुला?"

शेजारीण डोळे पुसत होती.

मग आईनेच विचारलं, "आमटी गोड लागायची ना?"

"लागायची."

"मला रोज भ्या वाटायचं, तुला कळेल. मैं बोलती थी इसको, गूळ मत डाल, गूळ मत डाल."

"हाथ नहीं मानता, मासी," शेजारीण म्हणाली.

आम्ही हसलो. हसताना मला पुन्हा धाप लागली. आईने वाकून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भांगावरून बोट फिरवलं. एवढ्या महिन्यांनी तो हात लागला. मग म्हणाली, "शपथ मोडलीस."

"मोडली."

"बरं केलंस."

थोड्या वेळाने मी भिंतीला धरून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. डबे होते तिथेच होते, पण सुकटीच्या बरणीवर धूळ बसली होती. पाय थरथरत होते, घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं, आणि चार मजले अजून उतरायचे होते. मी वाटपाला खोबरं घेतलं. गॅलरीतून आईचा आवाज आला, "तिखट घाल चांगलं." ती पाठमोरी नव्हती आता. खुर्ची तिने शेजारणीकडून आत वळवून घेतली होती आणि बघत होती.