समोरचा गाळा

आमच्या गल्लीत रत्नपाल मेश्राम नावाचा एक हुशार माणूस होता. हुशार किती, तर स्वतःचं वाटोळं करायला त्याला कोणाची मदत लागली नाही. मी बकाराम, शिंपी. माझी मशीन त्याच्या दुकानाला लागूनच, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि सांगून सांगून तोंडाची वाफही दवडली.

दोन हजार आठ साली त्याने टीव्ही दुरुस्ती सोडली आणि प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, विकायला घेतलं. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याने एजन्सी देताना एकच अट घातली. दिवाळीपर्यंत वीस सेट गेले पाहिजेत, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला. रत्नपालने पाटीवर स्वतःचं नाव कंपनीच्या नावाएवढं मोठं रंगवून घेतलं. सासरच्यांपासून स्टेशनच्या ऑटोवाल्यांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं, की आता आपण एजन्सीवाले. ती गेली असती तर त्याची इज्जत गेली असती, हे खरंच होतं.

जूनमध्ये अगदी समोरच्या गाळ्यात खुमेंद्र पटले एक्सबॉक्स, म्हणजे तसलंच यंत्र पण दुसऱ्या कंपनीचं, घेऊन बसला. रत्नपालचं जेवण उडालं.

"भाऊ, हा माया पोटावर पाय देऊन राहिला," तो मला म्हणाला.

आता गंमत ऐका. खुमेंद्र यायच्या आधी तीन महिन्यांत याचे दोन सेट गेले होते. तो आल्यावर दोन महिन्यांत नऊ गेले. मी म्हटलं, "अरे बावा, तुयी विक्री वाढली. रडतं कायले?"

"तो नसता तर अठरा गेले असते."

असा त्याचा हिशोब. आमच्या गोंदियाचा माणूस दोन ठिकाणी भाव काढल्याशिवाय टमाटरही घेत नाही. एका दुकानात सगळं ऐकून घेईल, चहा पिईल, "सामने पूछ के आता हूँ" म्हणेल आणि उठेल. समोर जाईल, तिथेही चहा पिईल. मग कुठेतरी घेईल. राइस मिलवाले असोत की शेजारच्या कुडवा गावचे मास्तर, रीत तीच. पण रत्नपालला दिसायचं फक्त गिऱ्हाईक उठून समोर गेलेलं. समोरून उठून आलेलं गिऱ्हाईक ही त्याच्या मते त्याच्या बोलण्याची कमाल होती.

ऑगस्ट संपता संपता त्याने घरमालक छोटेलालला गाठलं आणि खुमेंद्रचा गाळा दीडपट भाड्याने स्वतःच्या नावावर केला. खुमेंद्र भांडला नाही. सामान ऑटोत टाकून स्टेशन रोडला निघून गेला. रत्नपालने गल्लीत जिलेबी वाटली. मीही खाल्ली, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर गिऱ्हाईक यायचं, सगळं ऐकायचं, "सामने पूछ के आता हूँ" म्हणून बाहेर पडायचं आणि समोरचं कुलूप पाहून उभं राहायचं. एकच भाव, तोही एकाच माणसाच्या तोंडचा! लोक सरळ सकाळच्या गाडीने नागपूरला जायला लागले. महिनाभरात एक सेट गेला नाही.

मग हुशार माणसाने शक्कल लढवली. समोरचा गाळा उघडला, त्यात आपलेच चार सेट मांडले, भाव जरा चढा ठेवला आणि रचनाला, म्हणजे बायकोला, तिथे बसवलं. पहिलंच गिऱ्हाईक कुडव्याचं आलं. रचनाकडे पाहून म्हणालं, "वहिनी, तुमच्याकडे नवऱ्याचाच भाव मिळते का?" आणि गेलं. रचनाने संध्याकाळी कुलूप लावलं आणि चावी रत्नपालच्या अंगावर फेकली.

दिवाळीला पंधरा दिवस उरले तेव्हा तो मला घेऊन स्टेशन रोडला गेला. खुमेंद्रला परत बोलवायचं, गाळा फुकट द्यायचा, असं ठरवून. खुमेंद्रच्या दुकानात फळीवर एक्सबॉक्स होताच, आणि त्याला खेटून प्लेस्टेशन. लोक दोन्हींचे भाव उभ्या उभ्या काढत होते.

"बसा, रत्नपालभाऊ," खुमेंद्र म्हणाला. "नागपूरच्या शेठनं मागच्याच आठवड्यात थोडा माल धाडला, अन् कालच फोन आला. तुमचा महिनाभर एकबी सेट गेला नाई, म्हणून दिवाळीची वाट न पाहता तुमची एजन्सी मलेच देऊन राहिले."

रत्नपाल स्टुलावर बसला. मला त्याची पहिल्यांदाच कीव आली.

खुमेंद्रने चहा मागवला. म्हणाला, "माल दोन हायत, पण बोलणारा मी एकटाच. लोकाइले मजा येत नाई. तुम्ही तिकडून प्लेस्टेशनची बाजू घ्या, मी एक्सबॉक्सची. दिवसभर भांडू. पगार देतो."

तिसऱ्या दिवशी रत्नपाल कामावर गेला. आता लोक त्यांचं भांडण पाहायला थांबतात आणि जाताना खोकं घेऊन जातात. दोन्ही माल धडाक्यात चालला आहे. मी एकदा विचारलं, जमलं का रे तुझं?

"जमलं," तो म्हणाला. "पण भाऊ, तो नाटक करते. मी खरंखुरं भांडतो."