मांजराची शेपटी

भवानी पेठेत आमची एकच खोली, आणि तिची पाऊण जागा मागाची. उरलेल्या पावात आम्ही माणसं. शाळेतून आले की दप्तर खुंटीला आणि मी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला. माग चालू असला की बोललेलं ऐकू येत नसे. माझ्या तक्रारी त्या खडखडाटातच गडप व्हायच्या. पुढच्या वर्षी माझी शाळा बंद, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

शाळेत मात्र कार्यानुभवाचा तास होता. आमच्या सरांनी कुठून तरी नक्षी विणणारा एक छोटा जेकार्ड माग पैदा केला होता. "मोर सगळेच काढतात, तुम्हाला हवं ते काढा," म्हणाले. आलेखाच्या कागदावर रंगवलेला चौकोन म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक. भोक असेल तिथला धागा माग उचलणार, नसेल तिथला नाही. म्हणजे मी सांगेन ते मागानं ऐकायचं! घरी तर मीच मागाचं ऐकत होते. मी आमच्या मागाखाली झोपणारी मांजर काढली, शेपटी वर करून उभी असलेली.

विणून आली तर शेपटी तोंडाच्या बाजूला. वर्ग फिदीफिदी हसला. सरांना चूक दिसली असणार, पण ते नुसतं "शोध की" म्हणून खिडकीशी जाऊन उभे राहिले. असा राग आला! मधल्या सुट्टीत डबा न उघडता कार्डांची माळ उसवत बसले, आणि सापडलं. शेपटीची कार्डं मी उलटी ओवली होती. इतका आनंद मला त्याआधी कशानंच झाला नव्हता.

"शाळेत काय शिकतेस ते दाखव, मग बघू," असं वडील म्हणाले होते. म्हणून सरच नवी विणलेली मांजर घेऊन घरी आले. "हिला शाळेतून काढू नका, पुढं विणकामाचा डिप्लोमा करू दे," म्हणाले. वडिलांनी कापड उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, शेपटीवरून बोट फिरवलं. आमच्या घरात तेलुगू, पण सरांशी ते मराठीत बोलले.

"पोरगी लई हुशार हाय की, सर. एक चूक न्हाय. आमच्या मागावर बी नक्षी घ्यायची म्हून कार्डांना भोकं पाडायला मी भाईर माणूस हुडकत होतो बगा. आता शाळा कशाला? हितंच बसू दे."

आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जन्मात पहिल्यांदा. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, शेपटी तोंडाकडेच राहू द्यायला हवी होती.