कला गेली चुलीत!

आमच्या अंबडात कुणाच्याही ओट्यावर चार जण बसले आणि आक्काचं नाव निघालं, की उठायच्या घाईतला माणूसही परत मांडी घालतो. एकाचं संपायच्या आत दुसरा म्हणतो, "ते काहीच न्हाई, आता माझं ऐका!" मी शाळेत ड्रॉइंग मास्तर आणि रविवारी आक्काच्या भट्टीवर बिनपगारी मजूर. त्यामुळं माझ्याकडं साठा जरा जास्तच आहे.

आक्का इथल्याच एका वकिलाची लेक. निजामाच्या काळात घरी भांडून मुंबईला चित्रं शिकायला गेली, तिथून पार परदेशात. तिच्या चित्रांत ना देव, ना झाड, ना बाई! एका प्रदर्शनात तर बाईनं सगळी चित्रं भिंतीकडं तोंड करून टांगली. लोक आपले मागच्या फळ्या आणि खिळे बघत फिरून राह्यले. एक शेठ भडकला. "बाई, चित्रं कुठं आहेत?"

"आहेत की. आज त्यांना तुमच्याकडं बघायचं न्हाई!"

शेठनं त्यातलंच एक विकत घेतलं आणि दिवाणखान्यात तसंच उलटं टांगलं म्हणे.

* * *

अशी ही बाई सत्तरी ओलांडल्यावर सगळं सोडून अंबडला परत आली. वडिलांच्या शेतात पत्र्याचं शेड टाकलं, चाक बसवलं, भट्टी बांधली आणि मातीची भांडी करायला लागली. गावाला वाटलं, म्हातारी सटकली. मीच एकदा धीर करून विचारलं, "आक्का, एवढं नाव कमावलं, आता हे कशाला?"

हात मातीत ठेवूनच म्हणाली, "मास्तर, आयुष्यभर केलं ते लोकांनी लांबून बघितलं. हात मागं बांधून! मरायच्या आधी माझं एक तरी भांडं कुणाच्या घरात रोजच्या वापरात दिसलं पाहिजे. बस, तेवढंच राह्यलंय."

मला वाटलं, ह्यात काय अवघड आहे? लय अवघड होतं!

* * *

पहिल्यांदा तिनं रांजण केला. वरून निळसर काचेसारखा लेप, उन्हात असा चमकायचा की बघत राहावं. तो तिनं ऐन वैशाखात शेजारच्या कौसाबाईला दिला. कौसाबाई म्हणजे शेतकऱ्याची बायको, तोंडानं फटकळ, मनानं सोनं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच तांब्या घेऊन शेडवर हजर.

"आक्का, भांडं झकास हाय. पर ह्यातल्या पाण्यात च्या टाकला की झालं!"

आक्कानं घोट घेतला आणि स्वतःच्या कपाळावर मातीचा हात मारला. लेपानं मातीची सगळी भोकं बुजली होती, मंग पाणी गार होणार कसं? गुडघे धरून हसली. कौसाबाईनं त्या रांजणात बाजरी भरली. आक्का म्हणाली, "बाजरी तर बाजरी!" पण ती बाजरी वर्षात एकदा भरायची न् कधीतरी काढायची. आक्काच्या मनाला ते पटलं न्हाई.

* * *

भट्टी उघडायचा एक रिवाज होता. त्या दिवशी जो हजर असेल, त्यानं हाताला येईल त्या कपातून चहा प्यायचा. बदलून मिळणार न्हाई! लाकडाच्या वखारीचे रहीमभाई सरपण टाकायला आले आणि सापडले. त्यांच्या वाट्याला आलेल्या कपाचा कान आतल्या बाजूला होता! आक्कातली जुनी चित्रकारीण अशी अधूनमधून उसळायची.

रहीमभाईंनी कप चारी बाजूंनी फिरवून बघितला. "आक्का, इसमें चाय पीना के उंगली धोना?"

"दोन्ही करा भाई, वेळ वाचंल!"

* * *

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला. आक्कानं त्याच दिवशी चाक बंद केलं. मी म्हटलं, "थोडं पाणी आणून देतो की, तुमचं काम तरी चालू राहील."

"लोकांच्या घशाला कोरड न् मी मातीला पाणी पाजू?" एवढंच बोलली. पुढचा पाऊस पडेपर्यंत तिनं चाकाकडं ढुंकूनही बघितलं न्हाई.

* * *

चाक परत फिरलं तसं ती घरोघरी भांडी वाटत सुटली. आमचे कांबळे गुरुजी, शाळेत गणित शिकवायचे, त्यांना एक सुरेख वाडगा दिला. पुढं एकदा आक्का न् मी त्यांच्याकडं जेवायला गेल्तो, तर वाडगा शोकेसमध्ये, पोराच्या लग्नाच्या फोटोशेजारी!

"गुरुजी, ह्याच्यात वरण का न्हाई?"

"आक्का, अहो तुमची कला ती..."

"कला गेली चुलीत! वरण कुठंय?"

गुरुजींच्या बायको घाबरून म्हणाल्या, "आक्का, पण फुटलं म्हंजी?"

"फुटलं तर दुसरं करीन. मी काय मेले का?"

परत येताना मात्र फाटकापाशी थांबली न् म्हणाली, "मास्तर, बघ, इथं पण हात मागंच बांधलेत."

* * *

ऐंशीच्या पुढं डॉक्टरांनी बजावलं, "आक्का, आता फक्त बसून राहायचं."

"मंग आतापर्यंत काय उभ्यानं करत होते?"

* * *

आणि मंग ते दिल्लीवाले आले. आक्काच्या एका मोठ्या करड्या भांड्याचा फोटो कुठल्यातरी मासिकात छापून आल्ता. तो बघून तिथल्या संग्रहालयाचे साहेब जीप घेऊन हजर. म्हणाले, "हे भांडं आम्ही कायमचं काचेत ठेवणार. देशोदेशीचे लोक येऊन बघतील." आक्का नुसती "हं" म्हणाली. भांडं तर तिनं कधीच कौसाबाईला देऊन टाकलं होतं. जाता जाता मला हळूच म्हणाली, "पडलं असंल बाजंखाली. घेऊन जाऊ दे."

आम्ही सगळे कौसाबाईच्या घरात शिरलो. बाजेखाली न्हाई, फळीवर न्हाई. चुलीच्या उबेला, कोपऱ्यात, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं दिसलं. साहेब आनंदानं पुढं झाले, वाकले, दोन्ही हात घातले...

"ओ! हात लावू नगा!" कौसाबाई उलथनं घेऊनच धावली. "आत्ताच इरजण लावलंय! रोज ह्याच्यातच लावते मी. हलवलं की दही मोडंल."

साहेबांनी समजावलं. दिल्ली, संग्रहालय, केवढा मान!

"आसंल की. दिल्लीला म्हणावं, सकाळी ये."

साहेबांनी आक्काकडं बघितलं. आम्हीही बघितलं. आक्का तिथंच जमिनीवर बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहून राह्यलं होतं, न् तोंडावर बोट ठेवलेलं.

"साहेब, ऐकलं न्हाई का? विरजण लावलंय. हळू बोला!"