फळ्यावरचा पाचवा अल्बम

पनवेलच्या एका जुन्या वाचनालयाच्या दारात, चपला काढायच्या जागेच्या बरोबर वर, एक फळा आहे. त्यावर पूर्वी सुविचार असायचे. सुविचार लिहिणारे गुरुजी वारले आणि फळा उघडा पडला, तेव्हा काशिराम घरत ग्रंथपाल मनिषाबाईंपुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी लिवतो." काय लिहिणार, हे बाईंनी विचारलंसुद्धा नाही. रिकाम्या फळ्यापेक्षा काहीही बरं, एवढंच त्यांच्या मनात आलं असावं.

काशिराम लिहायचा नव्या गाण्यांबद्दल. हल्ली जगातले बहुतेक नवे अल्बम शुक्रवारी बाहेर पडतात, हे पनवेलात फार लोकांना माहीत नसेल, पण काशिरामला होतं. या शुक्रवारी निघालेलं तो आठवडाभर ऐकायचा आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाच्या ठोक्याला फळ्यावर मांडायचा. पाच अल्बम, पाच जातींचे. एक रागदारीचा, एक गझलेचा, एक रॅप करणाऱ्या पोरांचा, एक परक्या मुलखातला, आणि पाचवा मनाला येईल तो. प्रत्येकापुढे दोन-तीन ओळी. त्यातही गोडगोड बोलणं नाही. 'धारवाडच्या मुलीचा मारवा. घाई नाही, ढोंगही नाही. तबलजी मात्र फार शहाणपणा करतो.' किंवा, 'उलव्याच्या पोरांचं आगरी रॅप. शिव्या वगळल्या तर अर्धंच उरेल, पण ते अर्धं खणखणीत.' किंवा, 'गोव्याच्या दोन भावांचा सॅक्सोफोन. पहिली तीन गाणी लग्नाच्या मांडवातली. चौथ्यापासून दोघं एकमेकांशी बोलू लागतात.'

हा माणूस हे कुठे शिकला, असं कुणाला वाटेल. एसटी स्टँडजवळ त्याचं तीस वर्षं कॅसेटचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत आली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढी जागा. पण उरण-जासईपासून लोक यायचे. गिऱ्हाईक कागदावर गाणी लिहून द्यायचं आणि काशिराम ती एकामागोमाग एक कोऱ्या कॅसेटवर उतरवायचा. याला कॅसेट भरणं म्हणत. भरता भरता तो गिऱ्हाइकाच्या यादीत आपलं एखादं गाणं घुसडायचा. लोक आधी कुरकुरत आणि मग परत येऊन तेच गाणं कुणाचं म्हणून विचारत. त्या विचारण्यावर काशिरामचं पोट भरायचं. मग सीड्या आल्या, मग फोन आले, दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसला, आणि काशिरामला काही विचारायला येणारं कुणी उरलं नाही.

घरी बायको होती तोवर हे जाणवलं नाही. हौसा बोलकी होती. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मुलगा प्रणित बहरीनला असतो, रविवारी फोन करतो, "जेवलात का" विचारतो, आणि काशिरामही "जेवलो" म्हणतो, जेवला असो वा नसो. विचुंब्याला नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्याचं घर. मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं आपल्या मजल्याचा आकडा येईपर्यंत त्या आकड्याकडेच बघत उभी. आपला आवाज आपण शेवटचा कधी ऐकला, असा प्रश्न काशिरामला एकदा भाजीवाल्यासमोर पडला होता. तेव्हापासून तो घरात सतत काहीतरी लावून ठेवायचा. सकाळी डोळा उघडला की नवा अल्बम, आंघोळीला दुसरा, वरणभाताला तिसरा. तीनदा ऐकल्याशिवाय फळ्यावर लिहायचं नाही, हा दुकानापासूनचा नेम, आणि एकट्या माणसाला नेम पाळायला वेळच वेळ असतो.

तर अशा माणसाला जूनच्या पहिल्या शुक्रवारी मनिषाबाईंनी आत बोलावलं.

"काका, रागावू नका हं. पण कमिटी मीटिंगमध्ये फळ्याचा विषय निघाला."

"काय झालं?"

"एका क्लासवाल्यांना तो जाहिरातीला हवाय. अध्यक्ष म्हणाले, देऊन टाका, तसंही तो कोण वाचतं?" मग काशिरामचा चेहरा बघून त्या घाईने म्हणाल्या, "मी भांडले तुमच्यासाठी. म्हटलं, सूचनावहीत महिन्याभरात एकाही वाचकाने फळ्याबद्दल लिहिलं, तर तो तुमच्याकडेच राहील. एकाने, काका! एवढं तर होईल ना?"

काशिराम हसला. त्याला वाटलं, तीन वर्षं लिहितोय, एक माणूस तर निघेलच. त्या आठवड्यात त्याने इतके सुंदर पाच अल्बम काढले की दुकान असतं तर रांग लागली असती. लिहून झालं आणि तो समोरच्या बाकावर पेपर धरून बसला. पेपर वाचायला नव्हे, कोण थांबतं ते बघायला. लोक आले, चपला काढल्या, आत गेले. एक गृहस्थ फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. काशिरामने पेपर खाली घेतला. त्या गृहस्थांनी फळ्याच्या चौकटीला हात टेकून मोजा नीट केला आणि तेही आत गेले.

दुसरा शुक्रवार तसाच गेला. सूचनावहीत पंख्याची तक्रार होती, स्वच्छतागृहाची होती, आणि कुणीतरी बॉलपेन चालतो का ते बघायला गोल गोल काढले होते. काशिराम रोज वही उघडून बघायचा आणि कुणी बघत नाही ना हे बघून मिटायचा. स्वतःच लिहावं, असंही एकदा मनात आलं. पेन उचललं आणि लाज वाटून ठेवलं. आपलं अक्षर सबंध वाचनालयाला पाठ आहे, हे तेवढ्यात लक्षात आलं म्हणूनही असेल.

तिसऱ्या शुक्रवारी त्याचा धीर सुटला. चार अल्बम लिहून झाले होते. पाचवा एका तमीळ बासरीवाल्याचा होता, चांगलाच होता, पण खडू हातात धरून काशिरामला त्याचा एकदम कंटाळा आला. कोण वाचतंय? कुणी वाचतच नसेल तर मग कुणाचंही लिहावं. आणि त्याने लिहिलं:

'५. वाल सोलताना. गायिका : हौसा. आगरी बाईची घरातली गाणी, साथ कसलीच नाही. आवाज नाकातला. वरच्या सुराला किंचित फाटतो, तिथेच कान द्यावा. दुसऱ्या गाण्यात मधेच थांबून कुणावर तरी खेकसते आणि त्याच सुरात परत गाऊ लागते. हे कापलेलं नाही, उत्तम केलं. या वर्षातला सर्वांत चांगला अल्बम.'

लिहून तो दोन पावलं मागे सरला. खोटं लिहिलं असं त्याला वाटेना. तीनदा ऐकायचा नेमही मोडलेला नव्हता, अडतीस वर्षं ऐकला होता. अल्बम तेवढा निघाला नव्हता. भिजवून मोड आणलेले वाल परातीत घेऊन हौसा दारात बसायची आणि सोलता सोलता गायची. माहेरची, लग्नातली, काही तिथल्या तिथे जुळवलेली. काशिराम दुकानातून टेपरेकॉर्डर घरी आणतो म्हणायचा, तर ती वालाची सालं त्याच्यावर उडवायची. "माजं गानं कोन इकत घेनार हाय? जा, गिऱ्हाइकाची कॅसेट भरा." आणि तो जायचा. दुकानात कोऱ्या कॅसेटचे खोके छताला लागलेले, आणि त्यातली एक बायकोच्या वाट्याला आली नाही. उद्या भरू, म्हणता म्हणता राहिलं. या गोष्टीचा काशिरामला इतका पस्तावा होता की प्रणितपाशीसुद्धा त्याने ती कधी काढली नव्हती.

मंगळवारी मनिषाबाईंचा फोन आला. आवाजातून आनंद नुसता उतू जात होता. "काका, या लवकर! लिहिलंय वहीत!"

विचुंब्याहून रिक्षा मिळेपर्यंतसुद्धा त्याला दम निघेना. वाचनालयात पोचला तेव्हा मनिषाबाई वही उघडूनच बसल्या होत्या. निळ्या शाईत, बारीक अक्षरात: 'फळ्यावरची गाण्यांची माहिती मी दर शुक्रवारी वाचते. फळा जाहिरातीला देणार असे ऐकले, कृपया बंद करू नये. यातला "वाल सोलताना" हा अल्बम कुठे मिळेल ते कळावे. मोबाइलवर सापडत नाही. फार गरज आहे. प्रांजल, अभ्यासिका.'

काशिरामने ते तीनदा वाचलं. पहिल्या वाक्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं वाक्य त्याने बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"वाचला हो तुमचा फळा!" मनिषाबाई म्हणाल्या. "आता त्या मुलीला तेवढी लिंक द्या पाठवून."

गप्प बसला असता तर चाललं असतं. सापडत नाही, कंपनीने काढून टाकला, असं काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण दुकानाच्या तीस वर्षांत त्याने न ऐकलेली कॅसेट कुणाच्या गळ्यात मारली नव्हती, आणि नसलेली तर नाहीच नाही. तो मागच्या अभ्यासिकेत गेला.

प्रांजल स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पसरून बसली होती. चोवीस-पंचवीसची, जासईची पोर. फळा लिहिणारा तो मीच, असं काशिरामने सांगताच उठून उभी राहिली. "तुमी लिवता? मना वाटलं कुनी तरणा मानूस असंल." दोघं मागच्या पायऱ्यांवर येऊन बसली.

"ती हौसा जासईकडचीच हाय का, आजोबा? आमची आजी अशीच गायची. वाल सोलतानाच. गंगाबाई तिचं नाव. चार महिने झाले, बोलत नाय, कुनाला वलखत नाय. डॉक्टर म्हनतात, जुनी गानी ऐकवा. मोबाइलवर मिलतात ती सगली डीजेची. मंग तुमचं वाचलं. मना वाटलं, हेच ऐकवायचं."

काशिरामने खाली बघत सांगून टाकलं. अल्बम नाही. हौसा माझी बायको. ती गेली. कधी भरून घेतलं नाही. कुणी वाचत नाही असं वाटलं म्हणून लिहिलं. "मना माफ कर गो पोरी."

प्रांजल म्हणाली, "पन गानी तर तुमाला येत असतील ना? तुमी म्हना. मी मोबाइलवर घेते. आजीला तीच ऐकवीन."

"मी? माजा आवाज ऐकलास का?"

"म्हना हो. आजीला चालंल."

तिने मोबाइल मधल्या पायरीवर ठेवला. काशिरामने खाकरून घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यातल्या चुका काढलेला माणूस, त्याची मान लाजेने खाली गेली होती. पण त्याने सुरुवात केली.

'खाडीपल्याड माज्या आयचं घर,
भरती आली, आता कंची वाट...'

शब्द एकही चुकला नाही. चाल तंतोतंत होती. कुठे थांबून ती श्वास घ्यायची, तिथेच तो थांबला. सबंध गाणं झालं. प्रांजलने डोळे पुसले, मोबाइल उचलला आणि लावून दाखवला. मोबाइलमधून एक म्हातारा खरखरत्या आवाजात गाऊ लागला.

"हौसाआजी अशीच म्हनायच्या?" तिने विचारलं.

"छ्या! अशी कुटं."

"मंग कशी?"

काशिरामने सांगायला तोंड उघडलं. नाकातला आवाज, वरच्या सुराला फाटणारा, हे सगळं त्याला ठाऊक होतं, ते तर त्याने लिहिलंच होतं. तो आवाज एकदा कानात येऊ द्यावा आणि मग नीट सांगावं, म्हणून त्याने डोळे मिटले. धारवाडच्या मुलीचा मारवा आला. उलव्याची पोरं आली, तमीळ बासरी आली, दोन भावांचा सॅक्सोफोन आला. हौसा येईना. तो थांबला, कान देऊन बसला, पुन्हा गाण्याची पहिली ओळ मनात म्हटली. ती त्याच्याच आवाजात आली.

भरलेल्या कॅसेटवर नवं भरलं की खालचं पुसलं जातं, हे त्याने तीस वर्षं सगळ्या तालुक्याला बजावून सांगितलं होतं. तीन वर्षं तो घर रिकामं वाटू नये म्हणून सकाळपासून झोपेपर्यंत नवे आवाज भरत होता. आठवड्याला पाच, एकेक तीनतीनदा. त्यात नेमकी कुठल्या शुक्रवारी ती पुसली गेली, हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

"सांगा ना, आजोबा," प्रांजल म्हणाली. "कशी म्हनायच्या?"

काशिराम रडू लागला. "नाय आठवत गो," तो म्हणाला. "मना तिचा आवाज नाय आठवत."