पत्र्यावर दगड नसलेली खोली

लातुरात पत्र्याचं छत म्हटलं की त्यावर दगड आलेच. वैशाखात वावधान सुटलं, की पत्रा उडू नये म्हणून जो तो चांगले जड दगड बघून वर मांडतो. वहिदाच्या गच्चीवरच्या पत्र्यावर मात्र खडासुद्धा सापडायचा नाही.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी ती माहेरी होती. उकाड्यानं अंगणात येऊन झोपली म्हणून वाचली. आत झोपलेली आई आणि धाकटी बहीण शबाना दगडमातीखाली गेल्या. तेव्हापासून डोक्यावर दगड नको, हा तिचा हट्ट. नवरा जिलानी पत्रे ठोकणारा. गावभर लोकांच्या छतांवर दगड ठेवून यायचा आणि स्वतःच्या घरी मुकाट बसायचा. बिचाऱ्यानं वाळूची पोतीही ठेवून पाहिली, पण उन्हानं ती विरली आणि वाळू खालच्या पोरींच्या डोक्यात गळायला लागली.

पोरी म्हणजे कोचिंगच्या. शिकवण्यांचं पेव फुटलं तशा गल्लीत सगळ्यांनी गच्चीवर खोल्या उठवल्या, वहिदानंही उठवली. तिथं त्या साली नायगावकडची दीपमाला राहायची. डॉक्टर व्हायचं म्हणून पुस्तकातून मान वर काढायची नाही. वहिदाचा तिच्यावर फार जीव.

जिलानी दर उन्हाळ्यात समजवायचा. भूकंप जन्मात एकदा आला, वारा दरसाली येतो, भ्यायचं कुणाला ते तूच ठरव, म्हणायचा. वहिदा ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. एकदा आलेलंच तिच्या आयुष्याला पुरलं होतं.

त्या साली एप्रिल सरता सरता भर दुपारी अंधारून आलं. वाऱ्यानं पत्रा एका कडेनं उचकटला, हुकासकट वर गेला आणि वाकून आत आदळला. त्याची धार दीपमालाच्या दंडात घुसली. टाके घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील रामकिशन आले. शांत माणूस. लेकीचा दंड पाहिला, मग छताकडं पाहिलं. त्यांनी चार शब्द ऐकवले असते तर वहिदाला बरं वाटलं असतं.

"भाभी, वारं हितं दरसाली येतंय न्हवं?"

"हाव."

"मग वर काहीच वजन का न्हाई?"

आपल्या भीतीपायी दुसऱ्याची लेक आपण वाऱ्याच्या तोंडी दिली, हे वहिदाला लख्ख कळलं आणि शरमेनं मान खाली गेली. परीक्षा तोंडावर होती, दीपमाला गावी जायला तयार नव्हती. छताचा बंदोबस्त झाला तरच पोरगी इथं राहील, एवढंच रामकिशन बोलले.

जिलानीनं पत्रा पुन्हा ठोकला. तो शिडी उतरायला लागला तसं वहिदानं त्याला दगड चढवायला सांगितले. तो तिच्याकडं बघतच राहिला.

"ठेवा," ती म्हणाली. "मी आत बसते."

ती दीपमालाच्या खाटेवर जाऊन बसली. वर पहिला दगड टेकला तसं तिनं खाटेची कड गच्च धरली. पत्रा करकरला. दुसरा दगड बसला. आईला हाक मारावीशी वाटली, पण दारात दीपमाला उभी होती.

"चाची, येऊ का आत?"

"थांब माय. आधी मला बसू दे."

जिलानी खाली उतरला तरी ती उठली नाही. वर दगड तसेच होते, खोली तशीच उभी होती. मग ती थोडी सरकली आणि खाटेवर दीपमालासाठी जागा केली.